परीक्षा हृदयाची, कळ डोक्याला

तुमसर तालुक्यातलं, मध्य प्रदेशच्या सीमेजवळचं नाकाडोंगरी. इथल्या बांधीत जन्मभर वाकून धानाची रोवणी केलेल्या बाईला साठीत छातीत दुखायला लागतं आणि डॉक्टर सांगतात, ‘टीएमटी करून घ्या.’ म्हणजे ट्रेडमिलवर चालायचं, मग पळायचं. बाईंचे गुडघे त्याला साफ नकार देतात. मग नागपुरात एखादा हृदयतज्ज्ञ म्हणतो, ‘हरकत नाही, आपण औषधानं स्ट्रेस देऊ.’

औषधानं ताण देण्याच्या दोन तऱ्हा आहेत. अ‍ॅडेनोसिन, डायपिरिडॅमोल आणि रेगाडेनोसॉन ही मंडळी हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंद करतात. निरोगी वाहिनी मोकळी होते, तुंबलेली होत नाही, आणि तो फरक कॅमेऱ्यात दिसतो. डोब्युटामिनची तऱ्हा वेगळी. ते हृदयाला खरोखरच जोरात पळायला लावतं. दोन्हींत एक गोष्ट सारखी. औषध शिरेतून जातं आणि रक्त काही हृदयापुरतं थांबत नाही. त्यामुळे तपासणी छातीची आणि तक्रार डोक्याची, असा प्रकार रोज घडतो. या तक्रारींमागे औषधशास्त्रातल्या एकाहून एक गमतीच्या गोष्टी दडल्या आहेत. काही मात्र गमतीच्या नाहीत. त्याही सांगायलाच हव्यात.

दहा सेकंदांचं आयुष्य

अ‍ॅडेनोसिनचं रक्तातलं अर्ध-आयुष्य दहा सेकंदांहून कमी. टोचलं की संपलं. म्हणून ते पंपानं थेंबथेंब सोडत राहावं लागतं: वजनाच्या दर किलोला, दर मिनिटाला 140 मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या बाईंना सहा मिनिटांत साधारण 50 मिलिग्रॅम जातं.

या सहा मिनिटांत काय काय होतं? चेहरा लाल होतो, कान तापतात, छातीवर दडपण येतं, श्वास अपुरा वाटतो. अमेरिकेतल्या औषधपत्रकाप्रमाणे 18 टक्के लोकांचं डोकं दुखतं, 12 टक्क्यांना गरगरतं आणि 15 टक्क्यांना घसा, मान किंवा जबडा अवघडल्यासारखा वाटतो. हेच औषध हृदयाची पिसाट धडधड थांबवण्यासाठी एकदम जोरात टोचतात. तेव्हा कित्येकांना ‘आता काही खरं नाही, गेलोच’ असं वाटतं. डॉक्टरी पुस्तकांत ही भावना दुष्परिणामांच्या यादीत रीतसर छापलेली असते. दिलासा एवढाच की पंप बंद केला की मिनिट-दोन मिनिटांत सगळं ओसरतं.

डोकेदुखीची शर्यत

तिघांत डोकं कोण जास्त दुखवतं? मान रेगाडेनोसॉनचा. हे तिघांतलं धाकटं भावंड. अमेरिकेत त्याला एप्रिल 2008 मध्ये परवानगी मिळाली. वजन मोजायचं नाही, पंप लावायचा नाही, सगळ्यांना सरसकट 0.4 मिलिग्रॅम, दहा सेकंदांत टोचलं की काम झालं. पण दोन्ही औषधांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत डोकेदुखी अ‍ॅडेनोसिननं 17 टक्क्यांना झाली आणि रेगाडेनोसॉननं 26 टक्क्यांना. थोरला भाऊ डायपिरिडॅमोल जरा बरा. 3,911 रुग्णांच्या पाहणीत त्यानं 12 टक्क्यांचं डोकं दुखवलं आणि जवळपास तितक्यांनाच चक्कर आणली.

एक छोटी गंमत. रेगाडेनोसॉननंतर विसांत एकाच्या तोंडाची चव बिघडते. काहींना चक्क नाणं चोखल्यासारखं लागतं. जिभेवर काहीच ठेवलेलं नसतं.

‘काहून जी, चायबी नाही?’

भंडारा जिल्ह्यातल्या पेशंटला तपासणीची सगळ्यात जाचक अट कोणती वाटत असेल, तर ही. बारा ते चोवीस तास चहा, कॉफी, कोला, चॉकलेट सगळं बंद. रिकाम्या पोटी राहणं एक वेळ जमतं, पण सकाळचा चहा नाही म्हणजे अन्यायच. आणि त्यातून चहा सुटल्याची डोकेदुखी वेगळीच. ती औषधाच्या नावावर खपते.

पण या अटीमागचं कारण फार सुंदर आहे. अ‍ॅडेनोसिन हे बाहेरचं रसायन नव्हे, ते आपल्या अंगात सतत तयार होत असतं. दिवसभर मेंदू राबतो तसं ते मेंदूत साचत जातं आणि रात्री झोप आणतं. पेशींवर त्याच्या बसायच्या ठरावीक जागा असतात. एसटी लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणारा भिडू असतो ना, कॅफीन तसं आहे. ते अ‍ॅडेनोसिनच्या जागेवर जाऊन बसतं, स्वतः काही करत नाही आणि हक्काच्या प्रवाशाला उभं ठेवतं. म्हणून चहानं झोप उडते. आणि म्हणूनच चहा पिऊन आलेल्या पेशंटच्या रक्तवाहिन्या औषधानं पुरेशा उघडत नाहीत. तपासणी ‘नॉर्मल’ येते आणि अडथळा तसाच राहतो.

चहा टाळणारेही एका ठिकाणी फसतात. चहा नाही म्हणून डोकं चढलं, की सवयीनं सॅरिडॉन घेतली जाते. त्या गोळीत पॅरासिटामोलच्या जोडीला कॅफीन असतंच! दम्याच्या लोकांची जुनी ओळखीची डेरिफायलिन हीसुद्धा याच घराण्यातली. तीही अ‍ॅडेनोसिनच्या जागा अडवते. फक्त ती आपल्या मनानं बंद करायची नसते, डॉक्टरांना विचारून करायची असते. दम्याच्या माणसाला मुळात अ‍ॅडेनोसिनसारखी औषधं द्यायची की नाही, हाच आधी प्रश्न असतो.

एकाच माणसानं शोधलेलं कुलूप आणि किल्ली

अल्ब्रेख्ट कोसेल नावाचे एक जर्मन रसायनशास्त्रज्ञ होते. 1885 मध्ये त्यांनी बैलाच्या स्वादुपिंडातून अ‍ॅडेनिन वेगळं केलं. त्याला एक साखर जोडली की अ‍ॅडेनोसिन होतं. तीन वर्षांनी, 1888 मध्ये, त्यांनीच चहाच्या पानांतून थिओफिलिन काढलं. आज अ‍ॅडेनोसिननं त्रास झाला तर जे उलट औषध देतात ते अ‍ॅमिनोफिलिन, म्हणजे थिओफिलिनचंच विरघळणारं रूप. त्रास देणारा रेणू आणि त्याचा उतारा, दोन्हींचे धागे एकाच माणसाच्या प्रयोगशाळेत सापडतात. कोसेलना 1910 चं नोबेल मिळालं, पण ते पेशींच्या रसायनशास्त्रासाठी. हृदयाच्या तपासण्यांशी आपला असा संबंध जुळेल, हे त्यांच्या ध्यानीमनी असण्याचं कारण नव्हतं.

अ‍ॅडेनोसिनचा हृदयावरचा परिणाम पुढे 1929 मध्ये केंब्रिजला ड्रुरी आणि सेंट-ग्योर्गी यांनी मांडला. यातले सेंट-ग्योर्गी म्हणजे ‘क’ जीवनसत्त्ववाले. नोबेल त्यांनाही मिळालं, 1937 मध्ये, आणि तेही अ‍ॅडेनोसिनसाठी नाहीच!

उताराच कधी अंगावर येतो

इथे थट्टा जरा बाजूला ठेवू. रेगाडेनोसॉननंतर क्वचित आकडी येते. आपल्याकडे कोणी मिरगी म्हणतं, कोणी फेफरं, शहरात फिट. आधीपासून मिरगी असलेल्याला ती पुन्हा येऊ शकते आणि कधीच न आलेल्यालाही पहिल्यांदा येऊ शकते. काही वेळा ती लांबते आणि थांबवायला तातडीनं औषध द्यावं लागतं. हे सगळं अमेरिकेतल्या औषधपत्रकात इशारा म्हणून छापलेलं आहे.

आता खरा पेच बघा. पेशंट घाबराघुबरा झाला, डोकं ठणकतंय, दाब उतरलाय. अशा वेळी डॉक्टरांचा हात सवयीनं अ‍ॅमिनोफिलिनकडे जातो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण आकडी आली असेल तर हाच उतारा आगीत तेल ओततो. का? कारण मेंदूत अ‍ॅडेनोसिन हा आकडीला आवर घालणारा नैसर्गिक पहारेकरी आहे. मेंदूच्या पेशी भडकल्या की तो त्यांना शांत करतो. अ‍ॅमिनोफिलिन त्याची जागा अडवतं आणि पहारा उठतो. म्हणून औषधपत्रक स्पष्ट सांगतं की रेगाडेनोसॉनमुळे आकडी आली असेल तर हे उलट औषध देऊ नये. त्या वेळी लोराझेपॅमसारखं आकडीवरचंच औषध लागतं. (चप्पल किंवा कांदा हुंगवणं जगातल्या कुठल्याही नियमावलीत नाही. नाकाडोंगरीतही नको आणि नागपुरातही नको.)

आणखी एक बारकावा. अ‍ॅडेनोसिन दहा सेकंदांत अर्धं होतं, तर रेगाडेनोसॉनचा शेवटचा अंश रक्तातून जायला तासाच्या हिशेबात वेळ लागतो. टोचायला सोपं आहे, पण काही बिनसलं तर पंप बंद करून सुटका होत नाही. माझं मत विचाराल तर मिरगीचा इतिहास असलेल्या माणसासाठी जुनं, कटकटीचं, पंपाचं अ‍ॅडेनोसिन किंवा सरळ डोब्युटामिन यांचा विचार आधी व्हावा. अर्थात निर्णय समोरच्या डॉक्टरांचा.

हात थरथरणं आणि धोत्रा

डोब्युटामिनच्या तपासणीत सहसा इको करतात. औषध दर तीन मिनिटांनी वाढवत नेतात आणि हृदयाचे ठोके वयाप्रमाणे ठरवलेल्या आकड्यापर्यंत पळवतात. त्यात हात थरथरतात, उगाच धास्ती वाटते, मुंग्या येतात, डोकं जड होतं. परीक्षेचा पेपर हातात पडायच्या आधी जे होतं तेच हे, कारण त्या वेळी अंगात सुटणाऱ्या रसायनाचा हा भाऊबंद आहे. फरक एवढाच की इथे पेपर नसतो.

ठोके पुरेसे वाढले नाहीत तर जोडीला थोडं अ‍ॅट्रोपिन देतात, एका वेळी पाव किंवा अर्धा मिलिग्रॅम आणि एकूण जास्तीत जास्त दोन. अ‍ॅट्रोपिनची ओळख आपल्या मातीला जुनीच आहे. रस्त्याकडेला, उकिरड्यावर उगवणारा, महाशिवरात्रीला महादेवाला वाहतात तो धोत्रा. त्याच्या बियांतलं विष म्हणजे मुख्यतः अ‍ॅट्रोपिन आणि त्याची भावंडं. धोत्रा पोटात गेलेला माणूस बरळतो, हवेत काहीतरी पकडतो, त्याचं तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. तपासणीतली मात्रा अगदी कमी, पण रेणू तोच. म्हणून वयस्कर माणूस इकोनंतर थोडा वेळ गोंधळलेला वाटला, जवळचं अंधूक दिसतं म्हणाला, तर घाबरायचं नाही, पण सांगायचं जरूर. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर ते आधीच सांगायचं.

थॅलियम नसलेलं थॅलियम

रक्तवाहिन्या रुंद करून कॅमेऱ्यात बघायच्या तपासणीला गावात सगळे ‘स्ट्रेस थॅलियम’ म्हणतात. पावतीवरही बऱ्याचदा तेच छापलेलं असतं. पण आज बहुतेक ठिकाणी आत थॅलियम नसतं, टेक्नेशियम असतं. नाव राहिलं, माल बदलला.

थॅलियम हे खरं तर मज्जातंतूंचं जबर विष आहे. त्याच्या क्षारांचा एके काळी उंदीर मारायला उपयोग होई. तळपाय जळजळतात, चालणं अवघड होतं आणि पुढे केस झडतात. अगाथा ख्रिस्तीनं 1961 च्या ‘द पेल हॉर्स’ कादंबरीत हे विष वापरलं आणि लक्षणं इतकी चोख लिहिली की 1977 मध्ये लंडनमधल्या एका नर्सनं ती कादंबरी वाचता वाचता आपल्या वॉर्डातल्या लहानग्या पेशंटचा आजार ओळखला. शरीराला थॅलियम पोटॅशियमसारखं वाटतं, हे त्याच्या विषाचं गुपित. म्हणून नसा त्याला आत घेतात. आणि नेमकं म्हणूनच हृदयाचे जिवंत स्नायूही त्याला आत घेतात, ज्यामुळे ही तपासणी शक्य झाली. किरणोत्सारी थॅलियमची तपासणीतली मात्रा विषबाधेच्या मात्रेहून कित्येक हजार पटींनी कमी असते. केस झडायची भीती मनातून काढून टाका.

टेक्नेशियम हे माणसानं बनवलेलं पहिलं मूलद्रव्य, 1937 चं. तपासणीत वापरतात त्या प्रकाराचं अर्ध-आयुष्य सहा तास, त्यामुळे साठवून ठेवण्याची सोय नाही. मग ते मॉलिब्डेनम भरलेल्या एका छोट्या जनरेटरमधून रोज ताजं काढतात. न्यूक्लिअर मेडिसिनवाले जगभर या जनरेटरला लाडानं ‘गाय’ म्हणतात आणि टेक्नेशियम काढण्याला ‘दूध काढणं’. महाराष्ट्रात असे जनरेटर वाशीच्या ‘ब्रिट’ या अणुऊर्जा खात्याच्या संस्थेनं पुरवले आहेत. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर तर 1963 पासून या विद्येची शाळाच आहे.

मेंदूचं दार किलकिलं होतं का?

2011 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांवर एक मजेशीर निरीक्षण नोंदवलं. मेंदूला रक्तातल्या आलतूफालतू गोष्टींपासून वाचवणारी जी भिंत असते, ती रेगाडेनोसॉननं थोडा वेळ सैल होते. कर्करोगतज्ज्ञांचे कान टवकारले. मेंदूच्या गाठीपर्यंत औषध पोचवायचं तर हीच भिंत आडवी येते. हृदयाच्या तपासणीचं औषध मेंदूची कडी उघडणार! माणसांवर छोटे प्रयोग झाले. नेहमीच्या मात्रेत भिंत काही हलली नाही. बातमी रंगतदार होती, निकाल मात्र फुस्स.

मँगनीज: घरचाच मामला

नाकाडोंगरीत बसून हृदयाच्या प्रतिमा आणि मेंदूची दुखणी यांच्यावर लिहायचं आणि मँगनीजचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. शेजारी डोंगरी बुजुर्ग, तिकडे चिखला. डोंगरी बुजुर्ग ही मॉयल या खाण कंपनीची उघडी खाण. इथलं मँगनीज डायऑक्साइड सुक्या बॅटरीच्या कारखान्यांना जातं. म्हणजे जुन्या टॉर्चमधल्या सेलच्या काळ्या भुकटीत भंडारा जिल्ह्याची माती असू शकते.

या धातूचा हृदयाच्या फोटोंशी संबंध जुना आहे. 1978 मध्ये पॉल लॉटरबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांना मँगनीजचा क्षार दिला आणि हृदयाचा मेलेला भाग चुंबकीय मोजमापात वेगळा दाखवून दिला. एमआरआयमध्ये बाहेरून काही देऊन चित्र ठळक करण्याच्या युक्तीची ही सुरुवात. लॉटरबरना 2003 मध्ये पीटर मॅन्सफील्ड यांच्या जोडीनं नोबेल मिळालं. मँगनीज यात कामाला येतं, कारण ते कॅल्शियमच्या वाटेनं हृदयाच्या पेशीत शिरतं. पेशी जिवंत असेल तर आत घेते, मेली असेल तर घेत नाही. इतकी सोपी परीक्षा दुसरी नाही.

मग सगळीकडे तेच का वापरत नाहीत? मेंदूमुळे. मँगनीज जास्त झालं तर मेंदूच्या तळाशी, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागात साचतं. 1837 मध्ये जॉन कूपर या स्कॉटिश डॉक्टरनं ग्लासगोमध्ये मँगनीज डायऑक्साइड दळणाऱ्या कामगारांमध्ये हा आजार पहिल्यांदा वर्णिला. पाय लटपटतात, आवाज खोल जातो, चेहरा मुखवट्यासारखा होतो. पुढे लक्षात आलं की काही रोगी चवड्यांवर, कोंबड्याच्या ऐटीत चालतात आणि मागे मागे पडतात. चिलीच्या खाणींतले लोक तर याला थेट ‘मँगनीजचं वेड’ म्हणत, कारण सुरुवातीला माणूस विनाकारण हसायचा, रडायचा, भांडायचा. याच चिलीच्या खाणकामगारांचा अभ्यास जॉर्ज कॉट्झियस यांनी केला. लेव्होडोपा भरपूर मात्रेत दिलं तर पार्किन्सन्सचे रोगी सुधारतात, हे 1967 मध्ये जगाला दाखवणारे ते हेच. खाणीतल्या धुळीपासून सुरू झालेली वाट पार्किन्सन्सच्या गोळीपाशी येऊन मिळाली.

मात्र दगड हातात घेतल्यानं हे होत नाही. वर्षानुवर्षं बारीक धूळ किंवा वितळवलेल्या धातूचा धूर छातीत गेला तर होतं. म्हणूनच खाणीत पाणी मारून धूळ बसवणं आणि तोंडाला मास्क लावणं हे शिस्तीचे चोचले नव्हेत. मँगनीजचं एक एमआरआय औषध, मँगाफोडिपिर, यकृताच्या तपासणीसाठी बाजारात आलं आणि कालांतरानं मागेही घेतलं गेलं. हृदयासाठी मँगनीज सुरक्षित कसं करता येईल, यावर संशोधक आजही डोकं लढवताहेत.

सध्या एमआरआयची मक्तेदारी गॅडोलिनियमकडे आहे. तेही अगदीच निष्पाप नाही. 2014 मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवलं की वारंवार दिलेल्या गॅडोलिनियमचे ठसे मेंदूत उरतात. त्यामुळे नुकसान होतं, असं सिद्ध झालेलं नाही; तरी 2017 मध्ये युरोपनं त्यातल्या काही कमी टिकाऊ प्रकारांवर बंदी घातली.

भीती किती बाळगायची?

थोडीच. डायपिरिडॅमोलच्या सगळ्यात मोठ्या पाहणीत 73,806 रुग्ण होते. मेंदूचा रक्तपुरवठा तात्पुरता तुटल्याच्या घटना दहा हजारांत एकाहून किंचित जास्त. डोकेदुखी, गरगरणं, मुंग्या हे बहुतेकांचं अर्ध्या तासात संपतं. तपासणी चालू असताना पाय हलवले किंवा हातात रबरी चेंडू दाबत राहिलं तरी त्रास कमी होतो, आणि त्याला गुडघे लागत नाहीत. पण एक बाजू लुळी पडली, जीभ जड झाली, बोलणं फिरलं, तर ते ‘औषधानं होतं तसं’ म्हणून सोडून द्यायचं नाही; त्याच क्षणी ओरडून सांगायचं. मशीनच्या खोलीत डॉक्टर असतातच.

तुमच्या घरातलं कोणी या तपासणीला निघालं असेल, तर पिशवीत फाइल टाकताना एका कागदावर एवढं लिहून द्या: कधी आकडी किंवा लकवा येऊन गेलाय का, दमा आहे का, काचबिंदू आहे का, आणि कालपासून कोणकोणत्या गोळ्या पोटात गेल्या, डोकेदुखीच्या धरून. मिरगीची गोळी चालू असेल तर ती सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची की नाही, हे आदल्या दिवशीच फोन करून विचारा. आपल्या मनानं ती चुकवू नका.